पगार महिन्याचा नाही, मग हिशेब महिन्याचा कशाला?

घरचा जमाखर्च कसा ठेवावा हे सांगणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. बँकेच्या मेळाव्यात पाहुणे सांगतात, बचत गटाच्या बैठकीत साहेब सांगतात, आणि आता मोबाईल उघडला की त्यातही कोणीतरी सांगतच असतो. सल्ला ठरलेला. एक तारखेला पगार झाला की महिन्याचे अंदाजपत्रक करा, खर्चाचे भाग पाडा, आधी बचत बाजूला काढा. सल्ला वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण तो ज्याच्या खात्यात ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम पडते, त्याच्यासाठी आहे. सोलापुरातल्या आमच्या वस्त्यांत अशी घरे किती आहेत, हे सल्ला देणाऱ्याने एकदा फिरून पाहावे.

1877 साली सुरू झालेली जुनी मिल गेली. तिच्यामागून लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. गिरणीत निदान पगाराची तारीख होती, आणि त्या तारखेवर दुकानदार उधारीचा विश्वास टाकत होता. आज घरात एक बाई बिड्या वळते, तिचा नवरा यंत्रमागावर आहे, मोठा मुलगा रिक्षा चालवतो नाहीतर बांधकामावर जातो. बिडीचे पैसे हजारी दराने, म्हणजे जेवढ्या बिड्या वळल्या आणि ब्रँचमध्ये पास झाल्या तेवढेच. मागावरचा पैसा चादरी-टॉवेलला मागणी असेल तर. बांधकामाचे काम पावसात बंद. तीन माणसे कमावती, पण तिघांच्या कमाईची तारीख एक नाही आणि आकडाही एक नाही. या घराला महिन्याचे कोष्टक देणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा अंगात घालण्यासारखे आहे.

हे नुसते बोलून उपयोग नाही, म्हणून एक हिशेब मांडून पाहू. समजा, एका घरात पहिल्या आठवड्यात 3,900 रुपये आले, दुसऱ्यात 3,100, तिसऱ्यात पुन्हा 3,900 आणि चौथ्या आठवड्यात माग बंद राहिल्याने 1,900. चार आठवड्यांचे 12,800 झाले. आता अमेरिकेतील एलिझाबेथ वॉरन या कायद्याच्या प्राध्यापिकेने आणि त्यांच्या मुलीने 2005 साली एका पुस्तकातून लोकप्रिय केलेला नियम घ्या. अर्धा पैसा गरजांना, तीस टक्के हौसेमौजेला, वीस टक्के बचतीला आणि कर्जफेडीला. बाई पुढे सिनेटर झाल्या, सावकारी वृत्तीच्या बँकांविरुद्ध लढल्या. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. पण या घराचे अर्धे म्हणजे 6,400. त्यातून भाडे 2,000, वीज 600, मुलांची शाळा आणि क्लास 800 गेले की उरतात 3,000. त्यात चार आठवडे पाच माणसांचे धान्य, तेल, गॅस, औषध, साबण भागवायचे! आणि 3,840 रुपये हौसेला. हौस कसली? बाईची चप्पल तुटली आणि नवी घेतली तर ती गरज की हौस, हे ठरवायला अमेरिकेहून कोणाला बोलावणार?

याच घराचा हिशेब आठवड्याने धरा. भाडे, वीज, शाळा, आणि गटाच्या कर्जाचे आठवड्याला 400 प्रमाणे 1,600 मिळून न टळणारा खर्च 5,000. आठवड्याला 1,250. राहिलेल्या 7,800 ची चार आठवड्यांना वाटणी केली तर घरखर्चाला आठवडी 1,950 येतात. म्हणजे 3,900 आलेल्या आठवड्यात 700 रुपये जास्तीचे असतात. ते जास्तीचे दिसत नाहीत, कारण हातात पैसा असला की आधीची उधारी डोळ्यासमोर उभी राहते, मुले काहीतरी मागतात, पाहुणा येतो. पण चौथ्या आठवड्यात 1,250 वजा जाता हातात 650 च राहणार आहेत. 1,300 कमी. दुसऱ्या आठवड्यातही 100 कमी पडतात. दोन चांगल्या आठवड्यांचे 700-700 एका डब्यात टाकले असते, तर ही 1,400 ची तूट बरोबर भरून निघते आणि सावकाराचा उंबरठा चढावा लागत नाही. या घराला वीस टक्के बचतीचा उपदेश नको आहे. त्याला चांगल्या आठवड्याचा पैसा वाईट आठवड्यापर्यंत पोचवणारा डबा हवा आहे.

बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिकेतील अडीचशेहून अधिक गरीब घरांच्या पैशाच्या रोजनिशा ठेवून काही अभ्यासकांनी 2009 साली ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ हे पुस्तक काढले. त्यांना जे दिसले ते आमच्या माताभगिनींना ठाऊकच आहे. उत्पन्न कमी हे तर दुखणे आहेच, पण ते कधी येईल आणि किती येईल याचा भरवसा नसणे हे त्याहून वेगळे दुखणे आहे. आणि ही घरे पैशाच्या बाबतीत बेफिकीर नसून सतत काहीतरी उसने घेणे, ठेवायला देणे, परत करणे यात गुंतलेली असतात. तेव्हा ‘या लोकांना हिशेब कळत नाही म्हणून हे गरीब’ असे जे शहाणे पंख्याखाली बसून सांगतात, त्यांनी एकदा आठवड्याला 1,900 रुपयांत घर चालवून दाखवावे. आम्ही त्यांना वही-पेन देऊ.

माता रमाईंबद्दल एक आठवण सांगितली जाते. हाती आलेल्या पैशाच्या तीस पुड्या बांधून त्या दिवसाला एक पुडी खर्चासाठी काढीत. आजची भाषा बोलणारे यालाच पाकिटांची पद्धत म्हणतात आणि नवा शोध लागल्यासारखे शिबिरे घेतात. नोव्हेंबर 1918 मध्ये बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार साडेचारशे रुपये. त्या काळात तो मोठा होता. तरीही बिऱ्हाड परळच्या चाळीतच राहिले, कारण लंडनचे अपुरे शिक्षण पुरे करायचे होते. 1920 साली ते निघाले तेव्हा साठवलेल्या पैशाला शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज जोडावे लागले. ही गोष्ट सांगताना आमचे वक्ते त्यागाचा भाग रंगवून सांगतात. आम्हाला त्यातला हिशेबाचा भागही महत्त्वाचा वाटतो. पैसा कशासाठी बाजूला पडतो आहे हे ठरलेले होते, घर चालवणारीच्या हाती तिचा वाटा वेगळा दिलेला होता, आणि नुसत्या काटकसरीने एवढे मोठे काम पुरे होत नाही हेही ठाऊक होते. ‘रुपयाचा प्रश्न’ 1923 साली जगासमोर आला, त्यामागे या पुड्याही आहेत.

ज्यांचा पगार एक तारखेला होतो अशीही घरे आता आपल्यात आहेत. शिक्षक, कारकून, पोलीस, बँकेतले, महापालिकेतले. त्यांना पुड्या नकोत आणि आठवड्याचा डबाही नको. त्यांचे दुखणे वेगळे. घराचे कर्ज, गाडीचे कर्ज, सोसायटीचे कर्ज कापून जे हातात येते त्यावर आणखी एक हक्क असतो, जो कोणत्याच पुस्तकात लिहिलेला नाही. मोहोळ-माढ्याकडच्या एखाद्या गावात राहिलेला भाऊ, विधवा बहीण, पुण्याला शिकायला आलेला पुतण्या, आईचे औषध. घराण्यातला पहिला नोकरदार एकट्यासाठी कमवत नाही. पण तो हे देणे हिशेबात धरत नाही. फोन आला की देतो, नसले तर क्रेडिट कार्डावरून काढून देतो आणि मग नवरा-बायकोत भांडण होते. आमचे त्याला सांगणे आहे की गावचे देणे हा खर्चाचा स्वतंत्र रकाना करावा, दोघांनी बसून वर्षाचा आकडा ठरवावा आणि बाराने भागून दरमहा वेगळ्या खात्यात टाकावा. त्यातून भाच्याची फी आधी, लग्नातला आहेर नंतर. आकडा ठरला की ‘यंदा एवढेच जमेल’ हे भावाला सांगताना मान खाली घालावी लागत नाही.

तीच गोष्ट जयंतीची. 14 एप्रिल दरवर्षी 14 एप्रिललाच येते. दीक्षाभूमीचा प्रवास, 6 डिसेंबरची मुंबई, जूनमधली वह्या-पुस्तके, सगळ्यांच्या तारखा माहीत आहेत. तरी वर्गणीची पावती दारात आली की शोधाशोध सुरू होते. जयंतीवर खर्च करू नका असा उपदेश करणाऱ्यांच्या पंक्तीत आम्हाला बसायचे नाही. जत्रा-यात्रांत लाखो उधळणाऱ्यांना कोणी काही विचारत नाही आणि आमच्या मिरवणुकीचा डीजे मात्र सर्वांच्या डोळ्यांत येतो. पण व्याजाने पैसे काढून वर्गणी देणाऱ्या घराकडून ती घेताना मंडळांनीही विचार करावा. दरमहा पन्नास रुपये घ्या, मंडळाच्या वहीत मांडा. एप्रिलमध्ये सहाशे एकदम कशाला?

जपानमध्ये हानी मोतोको नावाच्या महिला पत्रकाराने 1904 साली गृहिणींसाठी जमाखर्चाची वही काढली. तिकडे त्याला काकेबो म्हणतात आणि ती पद्धत अजून चालू आहे. त्यात गंमत अशी की आकडे हाताने लिहायचे. सोलापुरात हे आता अधिकच कामाचे आहे. 2016 पासून मोबाईलवरून पैसे देणे सुरू झाले आणि चहाचे दहा रुपयेही न दिसता जाऊ लागले. हातातली नोट मोडताना जी चुटपुट लागते ती बोटाने दाबताना लागत नाही. ज्याला लिहिण्याचा कंटाळा आहे त्याने आठवड्याचा घरखर्च रोख काढून घ्यावा आणि मोबाईलला हात लावू नये. ज्या मावशींना लिहिता येत नाही त्यांची सातवीतली नात लिहील. आणि ज्यांना घरात पैसा राहतच नाही असा अनुभव आहे त्यांच्यासाठी भिशी काय वाईट? शेजारणीला तोंड दाखवायचे असते म्हणून तरी हप्ता जातो. फक्त भिशी चालवणारी ओळखीची असावी आणि रक्कम बुडाली तर झेपेल एवढीच असावी.

फायनान्सच्या हप्त्यांबाबत मात्र पद्धत आवडीवर सोडता येत नाही. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांनुसार तीन लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घराच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते त्या घराच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. सही घेणारा हे सांगत नाही. एका घरात सासूच्या नावे एक, सुनेच्या नावे दोन अशी कर्जे असतात, आणि एकाचा हप्ता दुसऱ्यातून फिटतो. 2024 साली लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले तेव्हा काही घरांनी तेही हप्त्याला बांधून टाकले. सरकारी पैसा उशिरा आला की हप्ता थांबत नाही. कर्ज घेण्याआधी चार आठवड्यांची वही समोर ठेवावी आणि सर्वांत कमी आलेल्या आठवड्यात हा हप्ता निघतो का, एवढेच पाहावे.

वही कोणाच्या हाती, हाही प्रश्न आहे. ज्या घरात संध्याकाळचा पैसा गुत्त्यावर जातो तिथे कोणतीही पद्धत टिकत नाही, हे स्पष्ट लिहायला हवे. तिथे बाईचे खाते वेगळे, पासबुक वेगळे, आणि डबा घरात नव्हे, गटात. कुंभारीला बिडी कामगार महिलांची दहा हजार घरे 2006 साली उभी राहिली. त्यासाठी आडम मास्तरांची लढाई होती, सरकारचा वाटा होता, तसाच त्या बायांनी भरलेला स्वतःचा हिस्साही होता. तो त्यांनी बिड्यांच्या पैशातूनच साठवला.

बिडी वळणाऱ्या बहिणींनी वहीत आणखी तीन रकाने पाडावेत. कारखान्याने पान किती दिले, कमी पडले म्हणून बाजारातून किती रुपयांचे विकत आणले, आणि खराब म्हणून किती बिड्या काढून टाकल्या. विकत आणलेले पान हा घरखर्च नाही, तो मालकाचा खर्च आहे. पण तो किराण्याच्या पैशातून जातो म्हणून कोणाला दिसत नाही. तारीखवार सहा महिने लिहिले की एका बाईचे किती गेले ते कळेल. गल्लीतल्या वीस जणींच्या वह्या एकत्र केल्या की युनियनला कामगार आयुक्तांच्या टेबलावर ठेवायला आकडा मिळेल. वही वीस रुपयांना मिळते. पुढच्या ब्रँचच्या दिवसापासून लिहायला घ्यावी.