नौतपाआधी छते पांढरी करू या

सदर बाजारातील व्यापारी, घरमालक आणि रायपूरमधील सर्व मराठी कुटुंबांना कळकळीची विनंती.

मे महिन्यात रायपूरचा पारा 42 अंशांच्या पुढे सहज जातो. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरला की नौतपाचे नऊ दिवस सुरू होतात. सराफ्यातल्या पेढ्यांवर तेव्हा एसी चालतो. पण तिथे माल वाहणारा हमाल, आपल्या घरी धुणीभांडी करणारी बाई रात्री ज्या खोलीत निजतात, तिच्यावर अनेकदा नुसता पत्रा असतो. पत्रा दुपारभर आग ओततो, पंखा तीच हवा खाली ढकलतो आणि भिंती मध्यरात्रीपर्यंत निवत नाहीत. तान्ही मुले आणि म्हातारी माणसे याच खोलीत दिवस काढतात.

हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. मे 2010 मध्ये अहमदाबादेत नेहमीपेक्षा 1300 हून अधिक माणसे जास्त दगावली. त्यानंतर, 2013 मध्ये, त्या शहराने उष्णतेशी लढण्याचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छते पांढरी करायला घेतली. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे धोरणच आणले. पांढरे छत ऊन परतवते. आतली खोली साधारण 2 ते 5 अंशांनी थंड राहते.

सिमेंटच्या पत्र्यावर किंवा गच्चीवर सरस घातलेल्या चुन्याचे दोन हात पुरतात. गुळगुळीत लोखंडी पत्र्यावर मात्र चुना टिकत नाही, पहिल्या पावसात धुऊन जातो. तिथे ऊन परतवणारा पांढरा रंगच हवा आणि तो महाग पडतो. मदत इथेच लागणार आहे. काम पहाटे करा. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नका, तो फुटून माणूस खाली कोसळतो. आडवी फळी टाका. चुना डोळ्यांत जाऊ देऊ नका आणि मुलांना वर चढवू नका.

खरी अडचण पैशांपेक्षा वेगळी आहे. भाडेकरू दुसऱ्याच्या छतावर खर्च करायला कचरतो, कारण खोली सुधारली की भाडे वाढेल किंवा खोलीच सोडावी लागेल, ही धास्ती असते. मालक त्या पत्र्याखाली झोपत नाही, म्हणून त्याला घाई नसते. या दोघांमध्ये उन्हाळा निघून जातो. ही कोंडी मालकच फोडू शकतो.

म्हणून प्रत्येक पेढीने आपल्या कामगारांपैकी निदान एका घराचा रंग द्यावा. तरुणांनी एक रविवार ब्रश हाती घ्यावा. आणि घरमालकांनो, याच आठवड्यात भाडेकरूला स्वतःहून सांगा: छत पांढरे करून देतो, भाडे वाढवणार नाही.