सीतेची वेणी

मुलांनो, वैशाख-ज्येष्ठात सह्याद्रीच्या वनांत जुन्या वृक्षांवरून जांभळे ठिपके असलेल्या पांढऱ्या फुलांचे घोस लोंबू लागतात. हीच आमरीच्या कुळातील सीतेची वेणी. पुष्कळांना ती बांडगूळ वाटते. परंतु ती झाडाचा रस शोषीत नाही. सालीचा केवळ आधार घेऊन ती मुळांनी पावसाचे पाणी व हवेतील ओलावा टिपते. तिचे बी धुळीसारखे सूक्ष्म असते. विशिष्ट बुरशीच्या साहाय्यावाचून ते वनात रुजत नाही. आमरींच्या परदेशी व्यापारावर राष्ट्रांनी करार करून १९७५ पासून निर्बंध घातले आहेत. परंतु जुना वृक्ष तुटला, की त्याच्या अंगावरील वेणीही जाते. म्हणून ‘फूल तोडू नका’ एवढेच सांगणे मला पुरेसे वाटत नाही. ज्यांना ही वेणी हवी, त्यांनी आधी तो वृक्ष राखला पाहिजे.