कापसाच्या पैशातून जुनी गाडी घेताना

सीतादही झाली, वेचणी लागली, कापसाचा चुकारा खात्यात पडला की पारावर एक विषय हमखास निघतो. "यंदा चारचाकी घ्यावी म्हणतो, भाऊ." त्यात वावगे काही नाही. घरात म्हातारे आईवडील असतात, रात्री-बेरात्री यवतमाळचा दवाखाना गाठावा लागतो, लग्नकार्याला आठ माणसे न्यायची असतात. नवी झेपत नाही म्हणून जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ नाहीतर ब्रेझा पाहिली जाते. लोहाऱ्याहून दारव्हा रोडने निघालात तर काचेवर 'विकणे आहे' लिहिलेली एखादी तरी दिसतेच. माझी पदविका शेतीची, मी काही मिस्त्री नव्हे. पण शेतकऱ्यांसोबत गाडी पाहायला जायची पाळी माझ्यावर बरेचदा येते. आपला माणूस इंजिनात कमी अन् भावात व कागदात जास्त फसतो, असे माझे मत झाले आहे.

आधी भावाचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. चार मीटरच्या आतली आणि १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेली नवी गाडी घेतली तर पूर्वी २८ टक्के जीएसटी व वर ३ टक्के उपकर लागायचा. आता एकूण १८ टक्के लागतो. बोलेरो याच मापात बसते. स्कॉर्पिओसारख्या मोठ्या गाडीवर ४० टक्के आहे, पण तोही पूर्वीच्या करापेक्षा कमीच. म्हणजे नव्या गाडीवरचा कर उतरला. जुनी विकणारा मात्र हिशेब जुन्याच किमतीवरून मांडतो. "नवी घ्याल तर इतके लाख लागतात," असे तो म्हणाला की ती किंमत कोणत्या तारखेची, हे विचारा. शोरूममधून आजचे कोटेशन आणा, मग सौद्याला बसा.

विकणाऱ्याच्या बोलण्यात एक तथ्य आहे, तेही सांगतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झाले आणि मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. त्यामुळे डिझेल ब्रेझा आता जुन्या बाजारातच मिळते आणि तिला मागणी टिकून आहे.

बीएस-६ डिझेल गाडी घेणार असाल तर तिच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी गाळणी असते, हे लक्षात ठेवा. गाडी लांब पल्ल्यावर तापून पळाली की ही काजळी जळते. घर ते वावर, वावर ते फाटा एवढीच गाडी फिरली तर गाळणी चोंदते, अन् ते काम खर्चाचे आहे. काही गाड्यांना वेगळ्या टाकीत युरियाचे द्रावणही लागते. कृपा करून त्यात खताचा युरिया विरघळवून टाकू नका. आपला युरिया नीमलेपित असतो, त्याने यंत्रणा कामातून जाते आणि अनुदानाचे खत असे वापरणे गुन्हाही आहे. (हे मला एकाने खरोखर विचारले होते!)

आता कागद. गेल्या वर्षी एका शेतकऱ्यासोबत स्कॉर्पिओ पाहायला गेलो. रंग चकचकीत, टायर नवे. आरसी मागितली तर नाव भलत्याचेच. विकणारा म्हणतो, "दोन हात झाले, ट्रान्सफर करायचे राहून गेले. टीटी फॉर्मवर सही आहे ना!" मूळ मालकाची कोऱ्या फॉर्मवर सही, आणि तो मालक कुठे राहतो हे याला ठाऊक नाही.

असे व्यवहार आपल्याकडे सर्रास चालतात, म्हणून जरा थांबून सांगतो. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की आरटीओच्या दप्तरी ज्याचे नाव, तोच कायद्याने मालक; अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. त्या प्रकरणातही गाडी नावावर न होता अशीच हातोहात फिरली होती. म्हणजे तुम्ही आपली जुनी गाडी विकली आणि घेणाऱ्याने नाव बदलले नाही, तर उद्याची नोटीस तुमच्या दारात येईल. घेणाऱ्याचेही भले नाही: विमा नावावर नसला तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा कंपनी नाकारते. फॉर्म २९ व ३० भरून तीस दिवसांत, आणि विम्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडीवर कर्ज होते का, हे एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून पहा. असेल तर बँकेचा फॉर्म ३५ घेतल्याशिवाय इसारही देऊ नका.

नंबर एमएच २९ चा नसला तर आणखी चौकशी करा. आदिलाबाद आपल्याला जवळ, तिकडची गाडी स्वस्त वाटते. पण तिला तिथल्या आरटीओची एनओसी लागते आणि महाराष्ट्राचा कर पुन्हा भरावा लागतो. दिल्लीच्या गाड्याही येतात. तिथे २०१५ मध्ये हरित लवादाने दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या बंद केल्या, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते कायम केले; २०२५ मध्ये कोर्टाने काही सूट दिली. स्वस्ताईत हा कर मिळवून मग बेरीज करा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. २०१२ ची गाडी घेतली तर २०२७ मध्ये पुन्हा पासिंग आलेच.

गाडी पाहायला सकाळी जा आणि आधी फोन करू नका. बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर तुम्ही येण्याआधी ती चालू केली होती. थंड इंजिन सुरू करताना खरे कळते. निळा धूर म्हणजे ऑइल जळते, पांढरा थांबतच नसेल तर पाणी आत जाते. चेसिस नंबर आरसीशी ताडा. खाली वाकून चेसिसला वेल्डिंग आहे का पहा, कारण आपल्याकडे बोलेरोत माणसांपेक्षा कापूस अन् पोती जास्त वाहिली जातात.

२०२३ मध्ये २२ जुलैला आपल्या यवतमाळात आणि २३ सप्टेंबरला नागपुरात पाणी शिरले, हे विसरू नका. सीटबेल्ट पूर्ण ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असेल, खालच्या गालिच्याला कुबट वास असेल, तर भाव अर्धा केला तरी ती गाडी नको.

आणि पीककर्जाचा पैसा यात घालू नका. मुदतीत फेडले तरच व्याजाची सवलत आहे.

ती स्कॉर्पिओ आम्ही तिथेच सोडली. दोन महिन्यांनी त्या शेतकऱ्याने रंग उडालेली २०१७ ची बोलेरो घेतली, आरसीवर विकणाऱ्याचेच नाव होते. शेवटचे वीस हजार त्याने ट्रान्सफर झालेली आरसी हातात आल्यावर दिले.