स्टेम सेलच्या पॅकेजआधी तळपाय बघा

मालवणपासून देवगडपर्यंत आपल्या किनाऱ्यावर शुगरचे रुग्ण घरोघरी आहेत. पायाला कालव लागतं, नसा बधिर झाल्याने दुखत नाही आणि जखम महिनोन्‌महिने भरत नाही. अशा वेळी मोबाइलवर ‘स्टेम सेलने जखम बरी करा’ अशी जाहिरात येते. मग दागिने गहाण पडतात, जमातीत मदतीचं आवाहन होतं. मदत करायलाच हवी. पण पैसे गोळा करण्याआधी शिकलेल्या तरुणांनी प्रश्न विचारायला हवेत.

स्टेम सेलचं विज्ञान खोटं नाही. जखमेसाठी वापरल्या जाणाऱ्या या पेशी प्रामुख्याने रासायनिक संदेश सोडतात. त्यातून सूज कमी व्हायला आणि नव्या रक्तवाहिन्या तयार व्हायला मदत होते. 2020 मध्ये बंगळुरूच्या ‘स्टेमप्युसेल’ला भारतात परवानगीही मिळाली, पण ती पायाचा रक्तपुरवठा धोकादायकरीत्या घटलेल्या ठरावीक रुग्णांसाठी, प्रत्येक जखमेसाठी नाही. आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मान्यता नसलेला वापर फक्त चाचणीतच करता येतो आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

म्हणून थेट विचारा: हे औषध आमच्या रुग्णाच्या आजारासाठी मान्य आहे का? चाचणी असेल तर सीटीआरआयचा नोंदणी क्रमांक काय? आणि चाचणी आहे, तर पैसे कसले? स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेट्सचं इंजेक्शन ‘स्टेम सेल’ म्हणून विकलं जात नाही ना, हेही बघा. सॉफ्टवेअरमध्ये डेमो चालला म्हणून कुणी बँकेची सिस्टीम त्यावर सोडत नाही. मग अम्मीचा पाय का सोडायचा?

वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत दाखवून दिलं, की बधिर पाय वारंवार पडणाऱ्या दाबाने फाटतो. शुगरच्या पायाचंही तेच. दाब हटवणं, मेलेली कातडी काढणं, जंतुसंसर्ग आणि साखर आवरणं, रक्तपुरवठा तपासणं: हे झालं नाही तर महागडं इंजेक्शनही वाया जाईल.

वुजू करताना आपण दिवसातून पाच वेळा पाय धुतो. घरातल्या शुगरच्या माणसाचा तळपाय त्यातल्या एका वेळी तरी नीट बघा, बोटांमधली जागा कोरडी करा. जमातीच्या निधीतून योग्य चपला घेऊन द्या. आणि मागणी करायचीच तर तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एकदा पायतपासणीची करा. ती सगळ्यांच्याच कामाची आहे, रापण ओढणाऱ्याच्याही आणि नमाजीच्याही.