बाळंतिणीला ‘नंतर या’ म्हणू नका

सरकारी दवाखान्यात दातांवरचे उपचार फुकट मिळतात, तरी बाळंतीण येत नाही. येते ती दाढेचा ठणका असह्य झाल्यावर, गाल सुजल्यावर. आणि आली की तिला अनेकदा ऐकावे लागते, ‘बाळ अंगावर पितंय ना? मग जरा नंतर या.’ हे वाक्य आपल्या व्यवसायातून हद्दपार व्हावे, एवढ्यासाठी या अंकाचे संपादकीय आहे.

आधी पैशाचे पाहू. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातले बाळंतपण निःशुल्क केले. औषधे, तपासण्या, रक्त, आहार, घरी जायला वाहन, सगळे त्यात आले आणि आईसाठी ही सोय प्रसूतीनंतर ४२ दिवसांपर्यंत ठेवली गेली. दातांचा वेगळा विचार मात्र त्यात नव्हता. पुढे २०१४-१५ मध्ये राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम आला. १५ ऑगस्ट २०२३पासून तर महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत सर्वांसाठीच तपासणी आणि उपचार निःशुल्क झाले. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, जिथे जिथे दंतशल्यचिकित्सक आहे तिथे बाळंतिणीने पैशासाठी अडून राहावे असे कारण उरलेले नाही. मग ती अडते कशाने?

पहिले कारण दिवसांच्या हिशेबात आहे. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना उंबरठा ओलांडत नाही. जुन्या योजनेचे ४२ दिवस संपत येतात तेव्हा ती पहिल्यांदा घराबाहेर पडते. म्हणजे फुकट उपचाराचा जो काळ तिच्या नावावर लिहिला होता, तो बहुतेक बाळंतिणींच्या बाबतीत खोलीतच सरला. आज ती मुदत दातांच्या उपचारांना लागू नाही, पण ही गोष्ट तिला कोणी सांगितलेली नसते. दुसरीकडे, सव्वा महिन्यानंतर लगेचच ती बाळाला दीड महिन्याच्या डोसासाठी घेऊन दवाखान्यात येतेच. अडीच महिन्यांना येते, साडेतीन महिन्यांना येते. स्वतःच्या दातासाठी न येणारी बाई बाळाच्या लसीसाठी तीनदा आपल्या आवारात येऊन जाते आणि एकदाही कोणी तिला ‘आ करा’ म्हणत नाही.

दुसरे कारण भीतीचे आहे आणि ते आपण पुरेसे समजून घेतलेले नाही. ‘सुईला घाबरते’ एवढे म्हणून आपण पुढे जातो. नुकत्याच बाळंत झालेल्या बाईची भीती सुईपुरती नसते. काही आठवड्यांपूर्वीच ती अशीच उताणी झोपली होती, डोळ्यांवर असाच दिवा होता, मास्कमागचे चेहरे ‘हलू नका’ म्हणत होते. टाके अजून दुखत असतात. सिझेरियन झाले असेल तर पाठीतले इंजेक्शन ती विसरलेली नसते. झोप सलग मिळत नाही. त्यात, भुलेचे औषध दुधात उतरेल का, दूध आटेल का, मी इथे अडकले आणि बाळ रडले तर काय, हे प्रश्न. ते ती विचारत नाही, कारण समोर रांग असते आणि उपचार फुकट असला की प्रश्न विचारण्याचा हक्क आपल्याला नाही असे तिला वाटते. घरातले सांगतात, कच्च्या अंगाने दाताला हात लावू नये. अशा मनःस्थितीत आपण ‘नंतर या’ म्हणालो की तिच्या भीतीवर डॉक्टरचा शिक्का बसतो. आणि ते ‘नंतर’ बहुधा येतच नाही.

वैद्यकीयदृष्ट्या या ‘नंतर’ला आधार नाही. गरोदरपणातली सावधगिरी आपण बाळंतपणानंतरही सवयीने ओढत नेतो. लिग्नोकेन दुधात अत्यल्प उतरते आणि बाळाच्या पोटातून त्याचे शोषणही फारसे होत नाही. ॲड्रिनॅलिनसह दिलेली नेहमीची स्थानिक भूल स्तनदा मातेला चालते. दाताच्या क्ष-किरण तपासणीने दुधावर परिणाम होत नाही. वेदनेसाठी पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन, जंतुसंसर्गासाठी अमॉक्सिसिलिन ही औषधे पाजणाऱ्या आईला देता येतात. मेट्रोनिडाझोलची खरोखर गरज असेल तर मात्रा आणि दिवस मोजून द्यावे. कोडीन आणि ट्रामाडॉल मात्र नकोत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांबाबत या दोन्हींविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. शंका असेल तेव्हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरचा ‘लॅक्टमेड’ हा माहितीसंग्रह मोबाइलवर विनाशुल्क पाहता येतो. ‘दोन दिवस दूध पाजू नका, काढून फेकून द्या’ असा सल्ला दातांच्या नेहमीच्या उपचारांसाठी देण्याची गरज नाही. त्या सल्ल्याने आईची छाती दाटते, बाळ बाटलीकडे वळते आणि पुढच्या वेळी ती आपल्याकडे येत नाही.

उलट, थांबण्याचे तोटे आपल्यासमोर रोज उभे असतात. गरोदरपणात सुजलेल्या हिरड्या प्रसूतीनंतर बऱ्याचदा निवळतात, पण खाली हाडापर्यंत गेलेला आजार आपोआप निवळत नाही. उलट्यांच्या आम्लाने दातांचे कवच आधीच झिजलेले असते. मग बाळंतिणीचा खुराक सुरू होतो. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शिरा. हे तिच्या अंगाला हवेच आहे. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण रात्री दोनला पाजताना भूक लागून खाल्लेला लाडू दातांच्या खाचेत सकाळपर्यंत राहतो. पाण्याची चूळ पुरेशी नसली तरी तेवढीही भरली जात नाही. काही घरांत बाळंतिणीला ब्रशऐवजी मिश्री हाती दिली जाते. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखू, आणि तंबाखूतले निकोटीन दुधात उतरते. हे सगळे तिला न रागावता विचारता आणि सांगता येते. ‘बाळाने कॅल्शियम ओढून घेतले म्हणून दात किडले’ असे ती म्हणाली, तर तिला सांगावे की दातातले कॅल्शियम बाळाकडे जात नाही. कीड लागली ती भरता येते, आणि यात दोष ना तिचा ना बाळाचा.

या उपचारात बाळाचाही वाटा आहे. दात किडवणारे जंतू बाळाच्या तोंडात जातात ते बहुतेक वेळा आईच्या किंवा सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून. पहिला दात साधारण सहाव्या महिन्याला दिसतो. त्याआधी आईच्या उघड्या किडी बुजवल्या, हिरड्या साफ केल्या, आणि बाळाच्या हिरड्या स्वच्छ ओल्या फडक्याने कशा पुसायच्या हे तिला दाखवले, तर एका केसपेपरवर दोन जिवांची काळजी घेतली जाते.

मग खुर्चीपाशी काय करावे? सुरुवात ‘ताई, बाळाला पाजून झालं का?’ या प्रश्नाने करावी. नुकतेच पाजून आलेल्या आईचे मन पुढचा तासभर तरी थोडे निवांत असते. तिची वेळ त्या बेताने द्यावी. बाळाला घेऊन बसणाऱ्या आजीला दाराबाहेर न काढता आईला दिसेल अशा जागी बसवावे. खुर्ची एकदम आडवी करू नये. टाके ओले असतील तर कमरेखाली उशी द्यावी. काय करणार ते आधी सांगावे, अवजार हातात घेऊन दाखवावे, मग करावे. डावा हात वर केला की मी थांबेन असे म्हणावे आणि हात वर झाला की खरोखर थांबावे. भूल चढायला पुरेसा वेळ द्यावा, कारण सरकारी ओपीडीतली घाई सर्वांत आधी इथेच नडते. पहिल्या भेटीत जमेल तेवढेच करावे: ठणका थांबवावा, पू वाट करून काढावा, तात्पुरते सिमेंट भरावे. एक भेट बिनदुखी गेली की पुढची ती स्वतः मागते. आणि डोळे भरून येणे, कशातच मन न लागणे, बाळाकडे पाहावेसे न वाटणे असे काही दिसले तर ते दातदुखीच्या खाती टाकू नये. घरच्यांशी बोलावे, रुग्णालयातल्या डॉक्टरांकडे पाठवावे, टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा.

आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते, ही गोष्टही उपचार ठरवताना विसरता येत नाही. पंढरपूरची सून बीडला बाळंत होते आणि तिसऱ्या महिन्यात सासरी परतते. बीडला उघडलेली दाढ तशीच राहते. म्हणून पहिल्याच दिवशी विचारावे, ‘सासरी कधी जायचंय?’ रूट कॅनाल तोवर पूर्ण होत नसेल तर काय झाले, काय उरले हे केसपेपरवर वाचता येईल अशा अक्षरात लिहून तिच्या हाती द्यावे.

ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवेचे दंतोपचार गरोदरपणात आणि बाळ झाल्यावर बारा महिने निःशुल्क असतात. गर्भारपणातच तिच्या नावाचा सवलतीचा दाखला निघतो. चोवीस आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मले तरी त्या आईचा हक्क कायम राहतो. तिथेही या सेवेचा दंतवैद्य मिळणे अनेक भागांत दुरापास्त झाले आहे, म्हणजे कागदावरचा हक्क तिकडेही पुरा पडत नाही. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे: आईच्या हातात तिचा हक्क सांगणारा कागद असतो आणि तो बारा महिन्यांचा असतो. आपल्याकडे उपचार निःशुल्क आहेत, पण तसे सांगणारा कागद नाही.

म्हणून आरोग्य विभागाकडे आमची मागणी आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर आईच्या दातांच्या तपासणीची ठळक नोंद असावी: एक गरोदरपणात, एक दीड महिन्याच्या डोसाच्या दिवशी. प्रसूतीनंतर वर्षभर दातांचे उपचार निःशुल्क आहेत हे त्याच कार्डावर मराठीत लिहिलेले असावे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर मातांची तपासणी होते, त्या दिवशी दंतशल्यचिकित्सकाला बोलवावे. आशाताई प्रसूतीनंतर ४२ दिवसांत बाळासाठी अनेकदा घरी जातात. त्यांच्या तोंडी एक प्रश्न द्यावा, ‘दात दुखतोय का, हिरडीतून रक्त येतंय का?’ दंत महाविद्यालयांनी स्तनदा मातेचे उपचार हा विषय पदवीच्या विद्यार्थ्याकडून खुर्चीवर करवून घ्यावा, नुसता परीक्षेत विचारू नये. खासगी दवाखाना चालवणाऱ्या वाचकांनाही सांगणे आहे: फुकट उपचार तुमच्या हातात नसतील, पण जवळच्या ग्रामीण रुग्णालयातल्या दंत विभागाचा वार आणि वेळ तुमच्या टेबलावर लिहिलेली असू शकते.

यातले बरेचसे व्हायला शासननिर्णय लागतील आणि वेळ जाईल. एक गोष्ट मात्र उद्याच्या ओपीडीपासून करता येते. लसीकरणाचा वार कोणता ते परिचारिकेला विचारा, त्या दिवशी अर्धा तास राखून ठेवा आणि दीड महिन्याच्या डोसाला आलेल्या प्रत्येक आईच्या तोंडात एकदा पाहा. जिची दाढ दुखत असेल तिला त्याच दिवशी खुर्चीवर घ्या.