घरीच तर असतेस!

‘तुझं बाई बरं आहे. घरीच तर असतेस!’ घरी बसून चार पैसे मिळवणाऱ्या प्रत्येकीने हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. शेजारीण म्हणते, नणंद म्हणते, कधी कधी नवराही म्हणून जातो. मग ती शिवणयंत्रावर ब्लाउज शिवणारी असो, पाचवी-सहावीच्या शिकवण्या घेणारी असो, फराळाच्या ऑर्डरी घेणारी असो की संगणकावर कंपनीचे हिशेब करणारी असो. घरी आहे म्हटल्यावर सिलिंडरवाल्याला दार तिनेच उघडायचं, शेजाऱ्यांची किल्ली तिनेच ठेवायची आणि सासऱ्यांना डॉक्टरांकडेही तिनेच न्यायचं. घरचं झालं थोडं अन् व्याह्याने धाडलं घोडं, तशातली गत!

त्यातच घरात दोन-तीन वर्षांचं मूल असेल तर विचारायलाच नको. कापडावर कात्री लावावी तर पिल्लू पदर ओढतं. फोनवर महत्त्वाचं बोलणं चालू असताना नेमकी त्याला शी लागते. शेवटी काम सरकत सरकत रात्री अकराच्या पुढे जातं. झोप अपुरी होते, सकाळी चिडचिड होते आणि पहिला धपाटा मुलाच्या पाठीत बसतो. मग दिवसभर मनाला टोचणी. असे चार-सहा महिने गेले की बाई म्हणते, ‘नकोच ते काम.’ हातची कमाई गेली की पुढे पाच-सात वर्षांनी पुन्हा सुरुवात करणं किती अवघड असतं, हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळतं. म्हणूनच हा प्रश्न किरकोळ समजून चालणार नाही.

आकडे काय सांगतात?

सरकारने २०२४ साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांची दिवसाची सरासरी २८९ मिनिटं त्या बिनमोल कामात जातात, पुरुषांची ८८. मुलंबाळं आणि घरच्या माणसांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वर्षं वयाच्या बायका त्यासाठी रोज सुमारे १४० मिनिटं देतात, पुरुष ७४. यात पैसे मिळवण्याच्या कामाचं एक मिनिटही धरलेलं नाही, बरं का! तेव्हा ‘मलाच कसं जमत नाही?’ असं म्हणून स्वतःला दोष देण्याआधी हे आकडे एकदा नवऱ्यासमोर ठेवा. दिवसाचे तास चोवीसच आहेत. ते कुणाच्या वाट्याचे कुठे जातात, एवढाच खरा मुद्दा आहे.

कामाला दार हवं

घरी बसून काम करणं आपल्याकडे नवं नाही. सोलापूरच्या कितीतरी बायका पिढ्यान् पिढ्या घरात विड्या वळत आल्या आहेत. १९५९ साली मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, तीच आजची लिज्जत. तिची पद्धत मोठी विचार करण्यासारखी आहे. पीठ केंद्रावर मळलं जातं. बहिणी सकाळी ते घेऊन घरी जातात, पापड लाटतात, वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी केंद्रावर मोजून देतात. म्हणजे काम घरी असलं तरी त्याला सुरुवात आहे, शेवट आहे आणि मोजमापही आहे. वजन करून दिलेल्या पापडांना कुणी ‘घरीच तर होतीस’ म्हणू शकत नाही.

संगणकावरच्या, शिवणाच्या किंवा शिकवणीच्या कामाला असं दार आपल्यालाच बसवावं लागतं. त्यासाठी वेगळी खोली हवीच असं नाही. दोन खोल्यांच्या घरात ती कुठून आणायची? पण ठरलेली एक जागा, मग ती पलंगाशेजारचा कोपरा का असेना, आणि ठरलेली वेळ एवढं करता येतं. ‘साडेदहा ते साडेबारा मी कामात असते’ हे घरातल्या सगळ्यांना आणि शेजारणीलाही एकदा स्पष्ट सांगा. पहिले पंधरा दिवस लोक नाक मुरडतील, नंतर सवय होईल. आणि साडेबारा वाजले की सामान आवरून ठेवा. दिवसभर अर्धवट उघडं पडलेलं काम आईलाही सुखाने बसू देत नाही आणि मुलालाही आई आपली वाटत नाही.

मुलाचं वय पाहून आखणी करा

बाळ वर्षाच्या आतलं असेल तर एकाग्रतेची मोठी कामं शक्यतो घेऊच नका. त्याची झोप तुकड्यातुकड्यांत असते. वर्ष-दोन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास. त्यातला दुपारचा दीड-दोन तासांचा तुकडा म्हणजे सोनं! पण आपण काय करतो? मूल झोपलं की भांडी आवरतो, कपड्यांच्या घड्या घालतो. हे उलटं करा. डोकं लागणारं काम बाळ झोपलेलं असताना करा. घड्या, भाजी निवडणं ही कामं ते जागं असताना करा. त्याला तेही आवडतं आणि मध्येच उठावं लागलं तरी काही बिघडत नाही.

दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आईच्या आसपास, तिच्यासारखंच काहीतरी करायचं असतं. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाडला बालवाड्या चालवल्या. पानं, बिया, शंख, माती अशा भोवतालच्या वस्तूच त्यांनी मुलांच्या हाती साधनं म्हणून दिल्या. महागडी खेळणी आणायची गरज नाही. वाट्या-चमचे, चिंध्यांचं गाठोडं, झाकणाचे डबे, कणकेचा गोळा एवढं पुरतं. ही सगळी चीजवस्तू एका टोपलीत ठेवा आणि ती टोपली फक्त तुमच्या कामाच्या वेळीच बाहेर काढा. रोज हाताशी असलेल्या वस्तूचं मुलाला अप्रूप राहत नाही.

आणखी एक युक्ती. कामाला बसण्याआधी पंधरा मिनिटं मुलाला पूर्णपणे द्या. फोन नाही, गॅसवर काही नाही, फक्त तो आणि तुम्ही. पोटभर जेवलेलं मूल जसं खाऊ मागत नाही, तसंच मन भरलेलं मूल थोडा वेळ एकटं रमतं. चार-पाच वर्षांच्या मुलाला घड्याळ दाखवा. ‘मोठा काटा सहावर आला की आपण गच्चीवर जाऊ’ असं सांगा आणि काटा सहावर आला की खरंच जा. एकदा शब्द मोडला की पुढच्या वेळी ते काट्यावर विश्वास ठेवणार नाही.

राहता राहिला मोबाइल. तो हातात दिला की घर शांत होतं, हे खरंच आहे. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलंय की वर्षाच्या मुलाला पडदा दाखवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसात तासाभराहून जास्त दाखवू नये. तेव्हा हा हुकमाचा एक्का अगदी अडलेल्या वेळेसाठी राखून ठेवा. दहा मिनिटांच्या महत्त्वाच्या फोनसाठी मोठ्या मुलाला एखादी गोष्ट लावून दिलीत म्हणून लगेच अपराधी वाटून घेऊ नका.

हे मात्र विसरू नका

घरातलं काम म्हणजे घरातला धोकाही. सुया, टाचण्या, कात्री, गरम इस्त्री, उकळतं तेल ही हत्यारं मुलाच्या हाताबाहेर हवीत. मणी, टिकल्या, बटणं तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात. गोल छोटी बॅटरी गिळली तर घसा आणि अन्ननलिका आतून भाजते, तिथे एक क्षणही न दवडता इस्पितळ गाठावं. विडीच्या तंबाखूची धूळ तर तान्ह्या बाळाच्या पाळण्यापासून दूरच हवी. खोली एकच असेल तर निदान काम खिडकीशी आणि बाळ दुसऱ्या टोकाला ठेवा. काम संपल्यावर ओल्या फडक्याने फरशी पुसा आणि हात धुऊनच बाळाला उचला.

हिशेब दोघांचा

अनेक घरांत ऐकू येतं, ‘तुला महिन्याला आठ हजार मिळतात. त्यातले तीन हजार मूल सांभाळणाऱ्या मुलीला दिलेस तर उरलं काय?’ या हिशेबात एक गोम आहे. मूल दोघांचं, मग सांभाळण्याचा खर्च फक्त आईच्याच कमाईतून का वजा करायचा? तो घरभाडं, किराणा यांच्यासारखा घरखर्चात धरा. मग उत्तर वेगळं येईल. शिवाय आज टिकवलेलं काम उद्या वाढतं. गिऱ्हाईक जोडलेलं राहतं, हात चालता राहतो. त्याचा भाव त्या आठ हजारांत दिसत नाही.

आजी घरात असेल तर भाग्यच. नातवंडं म्हणजे दुधावरची साय. पण त्या सायीमागेही धावावं लागतं आणि साठीनंतर गुडघे बोलू लागतात. आजीलाही वेळ ठरवून द्या. ‘दहा ते बारा तुम्ही, नंतर मी’ असं म्हटलं की तिचाही मान राहतो. आणि बाबांनी संध्याकाळचा एक तास मुलाला बाहेर न्यावं. ती ‘मदत’ नव्हे, त्यांच्या वाट्याचं काम आहे.

कायदा कुठे उपयोगी पडतो?

नोकरदार मैत्रिणींनी हे लक्षात ठेवावं. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन मुलांसाठी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यानंतर कामाचं स्वरूप तसं असेल तर मालक आणि आई यांच्या संमतीने घरून काम करता येतं. ५० किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर हवं आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. साहेब ‘घरून काम कर, मग पाळणाघर कशाला?’ म्हणाले तर त्यांना सांगा, घरून काम म्हणजे मूल सांभाळत काम नव्हे. ऑफिसातल्या आठ तासांइतकंच लक्ष तिथेही लागतं.

नगावर काम करणाऱ्या बायकांच्या वाट्याला मात्र यातलं फारसं काही येत नाही. घरी काम करणाऱ्यांसाठी १९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने एक करार केला, पण भारताने तो स्वीकारलेला नाही. त्यांनी निदान अंगणवाडीचा लाभ घ्यावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथे खाऊ मिळतो, गाणी-गोष्टी होतात आणि आईला रोज सलग काही तास मिळतात. एका चाळीतल्या तिघी-चौघींनी पाळीपाळीने सगळ्यांची मुलं सांभाळली तर प्रत्येकीच्या पदरात आठवड्यातले दोन-तीन मोकळे दुपार पडतील.

या आठवड्यात एकच करा. एक वही घ्या आणि सात दिवस तुमचा प्रत्येक तास कुठे गेला ते लिहा. रविवारी घरातल्या सगळ्यांना जवळ बसवून ती वही वाचून दाखवा आणि कुठलं काम कुणी उचलायचं ते तिथेच ठरवा. तुमच्या घरात कुठली युक्ती लागू पडली, तेही आम्हाला जरूर कळवा. एकीचा अनुभव दुसरीच्या उपयोगी पडतो.