कर्करोग पसरलाय, तरी किडनी काढायची का?

कर्करोग किडनीतून फुप्फुसात किंवा हाडात पसरल्याचे कळले की नातेवाईक विचारतात, "डॉक्टर, आधी किडनी काढून टाकायची ना?" 2001 मध्ये याचे उत्तर बहुधा 'हो' असे होते. तेव्हा औषध म्हणजे मुख्यतः इंटरफेरॉन, आणि किडनी काढून मग ते दिलेले रुग्ण काही महिने जास्त जगत.

2018 मध्ये प्रामुख्याने फ्रान्समध्ये झालेल्या कार्मेना चाचणीने हा समज हलवला. 450 रुग्णांपैकी सुमारे निम्म्यांची किडनी काढून नंतर सुनिटिनिब दिले, बाकीच्यांना फक्त सुनिटिनिब. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण 13.9 महिन्यांहून अधिक जगले, दुसऱ्यातले 18.4. म्हणजे ऑपरेशन न केल्याने नुकसान झाले नाही. मात्र हे सगळे मध्यम किंवा जास्त जोखमीचे रुग्ण होते. आजार एक-दोन ठिकाणीच असेल, तब्येत ठणठणीत असेल, तर ऑपरेशनचा विचार आजही होतो. लघवीतून रक्त थांबतच नसेल, तरीही होतो.

आता इम्युनोथेरपी आहे. काहींना आधी औषध देऊन, गाठी आटल्यावर किडनी काढतात. त्यामुळे डॉक्टर "आधी औषध" म्हणाले, तर त्यांनी आशा सोडली असे समजू नका. रुग्ण कोणत्या जोखीम गटात आहे आणि ऑपरेशनमुळे औषध किती आठवडे लांबेल, हे मात्र जरूर विचारा.